नव्या संगणकावर जुना हिशेब

घर बदलताना आपण काय करतो? भांडीकुंडी उचलतो, धान्याची पोती उचलतो, देव उचलतो. निघताना पुन्हा एकदा आत जाऊन कोनाडे बघतो. संगणक बदलतानाही तसेच करावे लागते. कसे, ते पाहू.

आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. गटाचा बारा वर्षांचा हिशेब एका जुन्या संगणकावर होता. कोणी किती वर्गणी भरली, कोणी किती कर्ज घेतले, कोणाचे फिटले, सारे त्यात. त्या संगणकावर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्ट कंपनी त्याची नेहमीची मोफत डागडुजी करी. ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणून गटाने नवा संगणक घेतला.

मी म्हणालो, "ताई, फाइली पेनड्राइव्हवर घ्या नि नव्यावर उतरवा. झालं काम! जुना भंगारात देऊन टाकू."

माझे हे सांगणे अर्धवट होते.

नव्या संगणकावर फाइल उघडली. आकडे दिसत होते. पण नावांच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे! दोन हजार रुपये जमा आहेत, पण कोणाचे? एक ताई म्हणाल्या, "गुरुजी, माझं कर्ज फिटलंय. आता ते कुठं दिसायचं?" मला उत्तर सुचेना. नशीब, जुना संगणक अजून कोपऱ्यातच होता.

असे का झाले? संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या क्रमांकाला कोणते अक्षर दाखवायचे, ते फाँट ठरवतो. जुन्या मराठी फाँटांची रीत निराळी होती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी अक्षरे बसवलेली असत. तीही प्रत्येक फाँटात वेगळी. नव्या संगणकावर तो फाँट नव्हता. म्हणून खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडली.

आता युनिकोड आहे. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'क'चा क्रमांक २३२५. पुण्यात तोच, परदेशातही तोच. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे.

आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातले नाणेघाटाचे लेणे पुष्कळांनी पाहिले असेल. तिथल्या भिंतींवर सातवाहनांच्या काळचा मोठा लेख कोरला आहे. यज्ञांत किती गाई दिल्या, किती नाणी दिली, त्याचे आकडे त्यात आहेत. तोही एक हिशेबच की! सुमारे दोन हजार वर्षे तो दगडात टिकला. पण ती ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडली, तेव्हा कुठे असे लेख वाचता येऊ लागले. आमच्या गटाचेही तेच झाले. अक्षरे जागेवर होती, वाचायची किल्ली हरवली होती.

मग आम्ही काय केले? जुन्या संगणकावरचा फाँट नव्यावर बसवला. नावे दिसू लागली. नंतर सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. त्यातही चुका निघाल्या. 'कर्ज'चे 'कजर्' झाले होते, 'वर्गणी'ची 'वगर्णी'. रफार जागचा हलला होता. शेवटी सगळ्या जणी बसल्या. प्रत्येकीने आपापली ओळ मोठ्याने वाचली. कर्ज फिटलेल्या ताईंनी आपली ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. त्या गेल्याच वर्षी वाचायला शिकल्या आहेत.

प्रोग्रॅमचेही ध्यानात ठेवा. फाइल म्हणजे कांद्याची पिशवी. उचलली नि मंचरच्या बाजारात नेली. प्रोग्रॅम म्हणजे द्राक्षाचा वेल. तो उपटून नेला तर जगत नाही. नव्या रानात नव्याने लावावा लागतो. म्हणून प्रोग्रॅम नव्या संगणकावर पुन्हा बसवावा. विकत घेतलेला असेल तर त्याचा परवाना क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

तर संगणक बदलताना एवढे करा:

१. काय काय न्यायचे, त्याची यादी कागदावर लिहा.
२. फाइलींच्या दोन नकला करा. दोन्ही एकाच जागी ठेवू नका.
३. प्रोग्रॅम आणि फाँट नव्यावर बसवा.
४. प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडा. नुसती पाहू नका, वाचा.
५. महिनाभर जुना संगणक मोडीत देऊ नका.
६. देताना त्यातली माहिती जाणकाराकडून कायमची पुसून घ्या. बँकेचे नि आधारचे क्रमांक परक्याच्या हाती जाऊ नयेत.

प्रश्न

१. नव्या संगणकावर आकडे दिसले, नावे का दिसली नाहीत?
२. फाइल आणि प्रोग्रॅम यांत फरक काय?
३. तुमच्या गटाचा हिशेब कुठे आहे? त्याची दुसरी नकल आहे का? आज घरी जाऊन बघा.