उष्णतेचे समीकरण आणि पृथ्वीचे वय

भट्टीत एका बाजूने तापवलेली लोखंडी पहार बाहेर काढून ठेवली, की तिचे तप्त टोक निवू लागते आणि थंड टोक तापू लागते. लोहाराला ही गोष्ट पूर्वापार ठाऊक आहे. परंतु अमुक वेळाने पहारीच्या अमुक बिंदूचे तापमान किती असेल, हे गणिताने काढण्याची सर्वसाधारण रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उपलब्ध नव्हती. ती जोसेफ फूरिये (१७६८–१८३०) या फ्रेंच गणितज्ञाने घालून दिली. १७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर ईजिप्तला गेला होता. तेथून परतल्यावर ग्रनोबल येथे प्रांताचा मुख्य प्रशासक म्हणून काम पाहत असतानाच त्याने उष्णतेवरील संशोधन केले.

समीकरण काय सांगते?

उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, आणि तापमानाचा उतार जितका तीव्र तितका हा प्रवाह मोठा असतो. समजा, पहारीवरील एका बिंदूचे तापमान ५० अंश असून त्याच्या दोन्ही बाजूंस सारख्याच अंतरावर ४० व ६० अंश तापमान आहे. अशा वेळी एका बाजूने जितकी उष्णता येते तितकीच दुसऱ्या बाजूने निघून जाते आणि बिंदूचे तापमान बदलत नाही. मात्र दोन्ही बाजूंस ६० अंश असतील, तर तो बिंदू तापू लागेल. तात्पर्य, प्रत्येक बिंदूचे तापमान आपल्या शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकत असते. सरासरीपासून ते जितके दूर, तितका बदलाचा वेग अधिक. तापमान हे स्थळ आणि काळ या दोहोंवर अवलंबून असल्यामुळे हा नियम गणिताच्या भाषेत मांडला म्हणजे जे समीकरण मिळते, त्यास आंशिक अवकल समीकरण म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पहार किती लांब आहे, आरंभी ती कोठे किती तापलेली होती, तिची टोके बर्फात बुडवली आहेत की कापसात गुंडाळली आहेत, यांविषयी हे समीकरण काहीच सांगत नाही. ही माहिती आपण बाहेरून पुरवावयाची असते. तिला आरंभीची अट आणि सीमेवरील अटी असे म्हणतात. समीकरण सर्व पदार्थांना एकच. उत्तर मात्र या अटींनी ठरते.

स्थिर तापमान

पुष्कळ वेळ गेल्यानंतर तापमानातील बदल थांबतो. अशा स्थिर अवस्थेत प्रत्येक बिंदूचे तापमान शेजाऱ्यांच्या सरासरीइतकेच असते. एका चौरस पत्र्याची वरची कड १०० अंशांवर आणि उरलेल्या तीन कडा शून्य अंशावर राखल्या आहेत असे समजा. मध्यबिंदूचे स्थिर तापमान किती?

याचे उत्तर लांबलचक आकडेमोडीशिवाय मिळते. असेच चार पत्रे घ्या आणि प्रत्येकाची वेगवेगळी कड तप्त ठेवा. चारही पत्र्यांच्या मध्याचे तापमान अर्थातच सारखे असेल. हे समीकरण असे आहे की, दोन उत्तरांची बेरीज केली असता तेही उत्तरच ठरते. चारही उत्तरांची बेरीज केली, की ज्याच्या सर्व कडा १०० अंशांवर आहेत असा पत्रा मिळतो, आणि त्याचा मध्य १०० अंशांवर असणार हे उघड आहे. म्हणून मूळ पत्र्याच्या मध्याचे तापमान २५ अंश. आतील धातू तांबे आहे की लोखंड, याची चौकशीसुद्धा करावी लागली नाही. कडांनी सारे ठरवले.

बदलते तापमान

फूरियेची खरी करामत बदलत्या तापमानाच्या बाबतीत दिसते. दोन्ही टोके शून्य अंशावर राखलेल्या पहारीवर तापमानाची रचना एका उंचवट्याच्या ज्या-वक्रासारखी असेल, तर निवताना तिचा आकार बदलत नाही, फक्त उंची कमी होते. एकाऐवजी दोन लाटा असतील तर हा ऱ्हास चौपट वेगाने होतो, तीन असतील तर नऊपट. एका लाटेची उंची निम्मी होण्यास १ तास लागत असेल, तर दोन लाटांना १५ मिनिटे पुरतात. आरंभीची कोणतीही रचना अशा लाटांची बेरीज म्हणून लिहावी, प्रत्येक लाट आपापल्या वेगाने निवू द्यावी आणि पुन्हा बेरीज करावी, ही फूरियेची रीत होय. १८०७ मध्ये त्याने ती पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडली, तेव्हा लाग्रांजने तिला आक्षेप घेतला. तुटक, कोपरे असलेली रचनाही अशा बेरजेने व्यक्त होते, हे त्यास पटेना. १८११ च्या स्पर्धेत फूरियेला पारितोषिक मिळाले, तरी परीक्षकांच्या शंका कायम होत्या. त्याचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या रीतीतून आणखी एक नियम निघतो. पहार दुप्पट लांब केली, तर तिला निवण्यास दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. पृथ्वीएवढ्या गोळ्यास मग किती लागेल?

केल्व्हिनचे गणित

विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन, याने १८६२ मध्ये हाच प्रश्न उलट बाजूने विचारला. खाणीत खोल जावे तसे तापमान वाढत जाते. त्याने ही वाढ दर किलोमीटरला सुमारे ३६ अंश सेल्सिअस धरली. आरंभी पृथ्वी सर्वत्र सुमारे ३,९०० अंशांवर होती आणि तिचा पृष्ठभाग एकदम थंड झाला, असे त्याने मानले. पृथ्वी जसजशी निवत जाईल, तसतसा पृष्ठभागाजवळचा उतार कमी होत जातो. म्हणून आजचा उतार पाहून किती काळ लोटला ते काढता येते. खडकांच्या उष्णतावहनाचे मापन हाताशी होतेच. उत्तर आले ९ कोटी ८० लक्ष वर्षे. अनिश्चितता जमेस धरून त्याने २ कोटी ते ४० कोटी वर्षांची मर्यादा सांगितली, आणि १८९७ मध्ये ती २ ते ४ कोटींवर आणली.

भूवैज्ञानिकांना आणि डार्विनला हा काळ अपुरा वाटत होता. परंतु गणिताशी वाद कसा घालावयाचा? १८९५ मध्ये जॉन पेरी या केल्व्हिनच्याच पूर्वीच्या सहायकाने तो मार्ग दाखवला. त्याने आकडेमोडीला हात लावला नाही. गृहीत धरलेल्या गोष्टींकडे बोट दाखवले. पृथ्वीचा अंतर्भाग घन खडकासारखा केवळ वहनानेच उष्णता देतो, हे कशावरून? आतील द्रव्य हळूहळू वाहत असेल, तर खोलवरची उष्णता सतत वर येत राहील आणि पृष्ठभागाजवळचा उतार कितीतरी अधिक काळ टिकेल. अशा रीतीने पेरीचे उत्तर काही अब्ज वर्षांपर्यंत पोचू शकत होते.

पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि १९०३ मध्ये रेडियमपासून सतत उष्णता निघते हे दिसून आले. केल्व्हिनची चूक या शोधाने दाखवली, असे बहुधा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दहा कोटी वर्षांत निवण्याचा परिणाम पृष्ठभागाखाली जेमतेम शे-दोनशे किलोमीटर पोचतो. तेवढ्या थरातील किरणोत्सर्गी उष्णता हिशेबात घेतली तरी केल्व्हिनचे उत्तर फारसे बदलत नाही. किरणोत्सर्गाने दिले ते खडकांचे वय मोजण्याचे स्वतंत्र घड्याळ. त्याच्या आधारे क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. केल्व्हिनच्या गणितातील मुख्य उणीव पेरीने दाखवली होती तीच. कवचाखालील प्रावरणाचा खडक घन असूनही कोट्यवधी वर्षांच्या मानाने वाहतो, हे आज मान्य झाले आहे.

फूरियेचे समीकरण या साऱ्या वादात कोठेही खोटे ठरले नाही. केल्व्हिनने ते अचूक सोडवले होते. ज्या पृथ्वीसाठी सोडवले, ती पृथ्वी मात्र आपली नव्हती. म्हणून अशा उदाहरणाचे उत्तर तपासताना वाचकाने आकडेमोडीपूर्वी अटी वाचाव्यात: आरंभी काय मानले आहे, सीमेवर काय राखले आहे, आणि उष्णता केवळ वहनानेच जाते असे म्हणण्यास आधार कोणता.