फिल्टरमागील ओळी

वसतिगृहाची विद्यार्थी-यादी आता बहुधा एक्सेलमध्ये ठेवली जाते. तिच्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतील मुले असू शकतात. समजा, शिष्यवृत्तीसाठी केवळ मंडणगडच्या मुलांचे बँक खाते क्रमांक भरावयाचे आहेत. तालुक्याच्या रकान्याला फिल्टर लावताच ४, ९ व १५ या तीनच ओळी पडद्यावर उरतात. इतर ओळी पुसल्या गेलेल्या नसतात, केवळ झाकलेल्या असतात.

फिल्टर केलेल्या यादीतून कॉपी करताना एक्सेल दिसणाऱ्या ओळीच उचलते. चूक घडते ती पेस्ट करताना. दुसऱ्या यादीतून आणलेले तीन खाते क्रमांक ४, ५ व ६ या सलग ओळींत बसतात. पाचव्या व सहाव्या ओळीतील मुलांचे मूळ क्रमांक नकळत पुसले जातात आणि एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जाण्याचा धोका निर्माण होतो.

म्हणून असे क्रमांक पेस्ट करू नयेत; जनरल रजिस्टर क्रमांकाच्या आधारे ‘व्हीलुकअप’ सूत्राने आणावेत. त्यासाठी रकान्यातील जागा निवडून ऑल्ट व अर्धविराम या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे दिसणाऱ्या चौकटीच निवडल्या जातात. मग सूत्र लिहून कंट्रोल व एंटर एकत्र दाबावे. शेवटी फिल्टर काढून संपूर्ण यादी मूळ नोंदवहीशी ताडून पाहावी.

जे दिसत नाही त्याचेही भान राखणे, ही संगणकापुढील सम्यक स्मृतीच होय. झाकलेल्या प्रत्येक ओळीत एका मुलाचे नाव असते.