लिलावाच्या यादीत गाव का दिसत नाही?

प्रश्न : पेपरात अमरावती, अकोला, नागपूरच्या घरांच्या लिलावाच्या जाहिराती सतत येतात. आमच्या गावाचं नाव क्वचितच दिसतं. इथे बँक कोणाचं घर ओढत नाही का? आणि असं घर घेण्यात फायदा आहे का?
— एक वाचक, शेंदूरजनाघाट

उत्तर : बँक घर विकते ते 2002 च्या सरफेसी कायद्याने. हप्ते 90 दिवस थकले की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, मग 60 दिवसांची नोटीस, मग ताबा आणि लिलाव. दिवाणी दावा लावावा लागत नाही. पण हे चालतं फक्त बँकेकडे गहाण असलेल्या घरावर. शहरातला फ्लॅट बहुधा गृहकर्जावरच घेतलेला असतो. गावातली जुनी घरं वाडवडिलांची; भावाभावांत तोंडी वाटणी, आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव. अशा घरावर बँक सहसा कर्जच देत नाही, मग ओढणार काय?

तुमच्यासारख्या संत्र्याच्या गावातलं मोठं कर्ज बागेवर असतं, आणि शेतजमीन या कायद्याच्या कलम 31 ने वगळली आहे. शेतकऱ्याचं राहतं घर, ते गहाण ठेवलेलं नसेल तर, दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीतही जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 तसं सांगतं. म्हणून तुमचं गाव त्या याद्यांत विरळ.

घ्यायचंच असेल तर जाहिरातीतला एक शब्द आधी शोधा : ताबा ‘प्रत्यक्ष’ आहे की ‘सांकेतिक’. सांकेतिक म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आहे, आत माणसं राहतात. त्यांना बाहेर काढेपर्यंत तुमचे पैसे अडकतात. ‘जसे आहे जेथे आहे’ असं छापलेलं असतं, त्यात थकलेल्या घरपट्टी-पाणीपट्टीचा बोजाही आला. बोली लागली की 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावी लागते, उरलेली साधारण 15 दिवसांत. मूळ मालक नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला आहे का, हेही विचारून घ्या. एवढं सगळं धरल्यावर ‘स्वस्त’ घर पुष्कळदा स्वस्त राहत नाही.

पण जाहिरात नाही म्हणून गावात कोणाचं घर जात नाही, असं समजू नका. मला खरी काळजी याचीच वाटते. संत्र्याचा आंबिया बहार गळाला, त्यात घरात लग्न किंवा दवाखाना निघाला, की माणूस सावकाराच्या दारात जातो. सावकार गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. ‘पैसे फेडले की परत लावून देतो’ हे फक्त तोंडी. पैसे फिटले नाहीत की घर गेलं. ना नोटीस, ना लिलाव. दुय्यम निबंधकाच्या दप्तरी ती साधी विक्री, म्हणून ही घरं कुठल्याच मोजणीत येत नाहीत.

यावर उपाय आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 प्रमाणे, अवैध सावकारीतून गेलेली मालमत्ता मागच्या 15 वर्षांतली असेल तर जिल्हा उपनिबंधक (सहकारी संस्था) चौकशी करून ती परत देण्याचा आदेश काढू शकतात. पैसे रोख दिले असतील तरी तारखा, रकमा, साक्षीदार लिहून ठेवा. तुमच्या ओळखीत कोणाचं घर असं गेलं असेल, तर त्याला वरुडच्या सहायक निबंधक कार्यालयात घेऊन जा. आणि उसन्या पैशापोटी खरेदीखतावर सही कोणीही मागितली, तरी करू नका.