आधी खडा, मग कागद

छोटे, काल फोनवर तू सांगितलंस, की लातुरात कुणीतरी तुझ्या ह्यांना कच्चा हिरा दाखवतोय, सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेटही आहे, आणि पैसे उद्याच पाहिजेत म्हणतोय. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही बघ. म्हणून आज निवांत ऐक.

आधी दगडाचं. आपल्या नांदेड-लातूरच्या रानात नांगर फिरला की चमकणारे खडे वर येतात. लहानपणी आपणही फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचो ना? ते सगळे गारगोटीचे आणि स्फटिकाचे. आपल्या काळ्या पाषाणाच्या जमिनीत हिरा पिकत नाही. तो निघतो मध्य प्रदेशात पन्नाला. तिथं सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा करावा लागतो आणि त्याचा लिलाव होतो. तेव्हा 'रानात सापडला' किंवा 'पन्नाहून गुपचूप आणला' असं कुणी म्हणालं, की तिथूनच उठायचं.

आता कागदाचं. कच्च्या हिऱ्यांसाठी २००३ पासून जगभर किंबर्ली प्रोसेसचं प्रमाणपत्र चालतं. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या सीलबंद मालासोबत ते असतं. हिऱ्यांच्या पैशावर बंडखोरांनी युद्धं चालवू नयेत, एवढ्यासाठी ते आहे. एकेका खड्याचा दर्जा त्यातून कळत नाही. रंग, स्वच्छता, पैलू आणि कॅरट यांची जी प्रतवारी जीआयए, आयजीआयसारख्या लॅब देतात, ती घासून पैलू पाडलेल्या हिऱ्याची. घासताना कच्च्या दगडाचं निम्मं वजनसुद्धा उडून जातं. मग ओबडधोबड खड्यावर कुणी आजच पक्का ग्रेड कसा लिहील?

माझीच गोष्ट सांगते. माझ्या अंगठीतला हिरा सैल झाला म्हणून काढून वजन केलं. सर्टिफिकेटवर ५० सेंट लिहिलेले, काट्यावर भरले ४२. दोष कागदाचा म्हणू की माझा? घेताना मी फक्त शिक्का बघितला होता, खडा आणि कागद जुळवलेच नव्हते.

तू तसं करू नकोस. रिपोर्टचा नंबर त्या लॅबच्या वेबसाइटवर टाकून बघ. वजन आणि मापं खड्याशी पडताळ. कुणी पेनासारखं मशीन लावून 'बघा, हिराच आहे' म्हणालं तरी भुलू नकोस. त्यावर मॉयसॅनाइट नावाचा हिऱ्यासारखा दिसणारा खडाही पास होतो, आणि कारखान्यात बनवलेला हिरा तर होतोच. त्याची किंमत केवढी कमी असते, लातूरच्या गंजगोलाईत कुणाही जाणत्या सराफाला विचार.

ते पैसे पोरीच्या कॉलेजसाठी तुम्ही पै-पै करून जमवलेत. तुझ्या ह्यांना रागावू नकोस, जवळ बसून समजाव. त्या माणसाला एवढंच म्हणा: 'आपण दोघं मिळून मुंबईच्या लॅबमध्ये जाऊ, तिथं खडा तपासला की पैसे देतो.' काय म्हणतो ते लगेच कळव. फोन उशाशीच ठेवते.