‘दुसऱ्या मॅडम मिळतील का?’

चि. ऋतुजास,


समुपदेशनाची दोन सेशन झाल्यावर तुझ्या क्लायंट बाईंनी काउंटरवर ‘दुसऱ्या मॅडम मिळतील का’ असं विचारलं आणि तुझी झोप उडाली. झोप उडण्यासारखं त्यात काही नाही. विचार करण्यासारखं मात्र बरंच आहे.

त्यांनी तुझ्या शिक्षणाला नापास केलेलं नाही. ते जोखायला त्यांना वेळ तरी कुठे मिळाला? पहिल्या भेटीत माणूस वेगळंच बघतो. मी थांबले की ही घाई करते का, काही सांगते की नुसतीच ऐकते? तू मितभाषी, आणि तुझ्या लिहिण्यावरून त्याही तशाच. सारखे स्वभाव जमतातच असं आपण उगाच धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरीने (हो, तोच पुढे एलएसडीपायी गाजलेला) १९५७ साली माणसांच्या परस्परवर्तनाची मांडणी केली. तिच्यातून पुढे निघालेला ठोकताळा असा, की जिव्हाळ्याला जिव्हाळाच लागतो. पुढाकाराचं मात्र उलटं, एकाने धरला तर दुसऱ्याने सोडायचा. तुम्ही दोघींनीही सोडून दिला असावा.

आणि कोण आवडेल हेही सरळ नसतं. ग्लोरियाची फिल्म तुम्हाला वर्गात दाखवली असेल. १९६५ची, ‘थ्री अप्रोचेस टू सायकोथेरपी’. एकच बाई, घटस्फोटित. आणि समोर पाळीपाळीने तीन थेरपिस्ट: कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. रॉजर्सकडे ती थेट उत्तर मागते, ते देत नाहीत, पण आपल्याला असे वडील हवे होते असं तिला वाटून जातं. पर्ल्स तिला ढोंगी म्हणतात, ती चिडते, भांडते. आणि शेवटी विचारल्यावर, या घडीला पर्ल्सच आपल्या जास्त उपयोगाचे, असं सांगते! पुढे कित्येक वर्षं पत्रं मात्र लिहीत राहिली ती रॉजर्सना. यातली तिची खरी आवड कोणती? मला विचारशील तर दोन्ही. आवड माणसाच्या स्वभावातून येते, तशीच त्या वेळच्या गरजेतूनही येते.

आपल्याकडे आणखी एक पदर आहे. जसवंतसिंग नेकी या मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ साली गुरु-चेल्याच्या नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहिलं. आपल्या माणसाला बरोबरीने बसणाऱ्यापेक्षा हात धरून नेणारं कुणी हवंसं वाटतं, हे मीही पाहते. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं तू तीनदा विचारलंस, की पन्नाशीच्या बाईला वाटतं, या पोरीला काही येत नाही.

पण म्हणून तू माझ्यासारखी दणदणीत बोलायला लागू नकोस. सोंग क्लायंटला लगेच कळतं. वेग बदलता येतो, प्रश्न थेट करता येतो, सेशनच्या सुरुवातीला ‘आज एवढं बघू’ असं म्हणता येतं. त्यापलीकडचा स्वभाव आहे तो राहू दे. त्याच स्वभावासाठी तुझ्याकडे येणारेही असतील.

आणि मागेल त्याला मागेल तसा समुपदेशक, हेही खरं नव्हे. घरात सगळ्यांना धाकात ठेवणारा गृहस्थ मुद्दाम मऊ समुपदेशक निवडतो, कारण तिथेही त्याचंच चालतं. त्याचं सेशन मजेत जातं, घरचं तसंच राहतं. मानसशास्त्रज्ञ बॉर्डिनने १९७९ साली उपचारातल्या नात्याचे तीन धागे सांगितले: उद्दिष्टावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपुलकी. तू आपुलकीवरच अडून बसली आहेस. त्या बाईंशी उद्दिष्ट ठरलं होतं का? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

आता करायचं एवढंच. त्यांना एक फोन कर, बदल आनंदाने करून दे आणि जमल्यास विचार, ‘काय वेगळं असतं तर बरं वाटलं असतं?’ उत्तर मिळालं नाही तर खोदू नकोस. नोंदी त्यांच्या परवानगीनेच पुढे दे, आणि नव्या मॅडमना नंतर ‘माझ्याबद्दल काय म्हणाल्या’ असं चुकूनही विचारू नकोस. पुढच्या सुपरव्हिजनला ही केस घेऊन ये, दोन्ही सेशनच्या नोंदींसकट.

तुझी,
सुधामावशी