कर्जतला मी चढते

अगं, परवा खोपोलीला तुझ्याकडे आले तेव्हा सासूबाईंसमोर तोंड उघडता आलं नाही, म्हणून आता लिहिते. तू चहा गाळत होतीस आणि जाऊबाई अगदी सहज बोलून गेल्या, "बायकोचीच किडनी जुळली, नशीब म्हणायचं." तुझा हात थांबला नाही, पण चहा कपाबाहेर गेला. दिरांची तपासणी झाली का, मी विचारलं. तर म्हणे, त्याच्यामागे शेती आहे, भाताची पोती कोण उचलणार? जसं काही तू लावणीला वाकतच नाहीस!

नवऱ्यावरचा तुझा जीव मला ठाऊक आहे. रात्री त्याच्या हातातल्या फिस्टुलावर बोट ठेवलं की आत मधमाशी अडकल्यासारखं थरथरतं, हे तूच सांगितलंस. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. तुला द्यावीशी वाटत असेल तर खुशाल दे. पण दुसरं मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोल. किडनी दिल्यावरच्या बाळंतपणात रक्तदाब वाढायचा धोका थोडा वाढतो. आणि पुढे दर वर्षी लघवी, क्रिएटिनिन, बीपी तपासायचं. तेव्हा "आता काय झालंय तुला?" म्हणायचं नाही, हे घरात आत्ताच ठरव.

1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला तो मुख्यतः गरिबाची किडनी विकत घेण्याचा बाजार मोडायला. घरातल्या घरात कोण कुणावर दडपण आणतं, ते कायद्याला कुठून दिसणार? तरी 2014 च्या नियमांत एक गोष्ट घातली आहे: देणारी बाई असेल तर जास्त खबरदारी घ्यायची, आणि तिची स्वतंत्र संमती ज्याला किडनी मिळणार त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळायची. उगाच नाही लिहिलं ते. आपल्या देशात जिवंतपणी देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. म्हणून हॉस्पिटलच्या मुलाखतीत एकटीने बोलायचं आहे असं तूच सांग. "मला द्यायची नाही" एवढं म्हणालीस तरी पुरे. घरी काय सांगायचं, ते डॉक्टरांशीच ठरव.

आणि काही झालं तरी त्याचं नाव मुंबईच्या प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीत घाला. हॉस्पिटलमधूनच होतं ते. आपल्या घाटात, एक्सप्रेस-वेवर डोक्याला मार लागून किती जण जातात! त्यातला एखादा आयसीयूत मेंदूमृत झाला, तर चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा खात्री करतात, मगच घरच्यांना अवयवदानाचं विचारतात. "अर्धा देह जाळायचा का?" म्हणून घरचे नाही म्हणतात. दुःखात कोण कुणाला दोष देणार! पण त्या नकाराचं ओझं कुठल्या तरी ओट्याशी उभ्या असलेल्या बाईवर येतं, हे मला परवा तुझ्याकडे बघून कळलं. मी माझा अवयवदानाचा अर्ज भरला. घरी सांगितलं, आरडाओरडा झाला, मग जेवले सगळे.

मुलाखतीला निघशील तेव्हा कुठली लोकल ते कळव. नवऱ्याला जनरलमध्ये बसू दे, तू लेडीजमध्ये बस. कर्जतला मी चढते. ठाण्यापर्यंत बोलली नाहीस तरी चालेल.