मिसरूड फुटलेल्या मुलाची तापातली आकडी

‘तापाची आकडी आहे, येते मुलांना,’ हे वाक्य कुणी उच्चारलं तरी आता माझं डोकं फिरतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ताप चढताना आकडी येऊ शकते, बहुतेकदा ती थोड्या वेळात थांबते आणि मागे काही ठेवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण माझा मुलगा सातवीत आहे. त्याला मिसरूड फुटतंय.

पावसाळ्यात आमच्या नाशिकमध्ये घराघरांत ताप. डेंग्यूच्या धास्तीने आम्ही प्लेटलेट्सच मोजत होतो. रात्री तो ताठ झाला, डोळे वर गेले, हातपाय झटके द्यायला लागले. शेजारचे काका चप्पल हुंगवायला धावले, कुणी कांदा फोडला, सासूबाई दातखीळ उघडायला चमचा घेऊन आल्या. मी सगळ्यांना बाजूला केलं, त्याला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघितलं. ‘पोर झटके देतंय आणि ही घड्याळ बघतेय,’ हे त्यावरून अजून ऐकते. डॉक्टरांनी पुढे पहिला प्रश्न तोच विचारला, किती वेळ चालली?

पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा किंवा सरळ गाडी काढा. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरू नका. कुणीतरी व्हिडिओ काढा, लाजू नका.

ज्या खासगी दवाखान्यात नेलं तिथे रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ताप उतरवायचं इंजेक्शन दिलं, कागदावर ‘तापाची आकडी’ लिहिलं आणि सकाळी घरी पाठवलं. मान ताठ आहे का, हेसुद्धा पाहिलं नाही. ‘एवढ्या मोठ्या मुलाला?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘ताई, गूगल करत जाऊ नका.’

सहा वर्षांपुढच्या मुलाला तापात पहिल्यांदा आकडी आली की आधी मेंदूज्वर नाही ना, मलेरिया नाही ना, हे बघावंच लागतं. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात 1965 साली सापडलेला विषाणू 15 वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूवर काही तासांत घाला घालतो. 2003 मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याने कितीतरी मुलं नेली. मेंदूज्वर तपासायला डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं तर घाबरून नाही म्हणू नका.

आमचं तसं काही नव्हतं, हे नशीब. पण पुढच्या साध्या सर्दीतापात पुन्हा आकडी आली आणि आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. ‘घरात कुणाला?’ त्यांनी विचारलं. हे लगेच म्हणाले, ‘कुणालाच नाही.’ सासूबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, ‘हिच्या नणंदेला यायची. कॉलेजात जाईपर्यंत. ताप आला की.’

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे मला दवाखान्याच्या खुर्चीत कळलं! नणंदेच्या लग्नासाठी लपवलं, नंतर सांगायचं राहिलं म्हणे. अहो, हिंदू विवाह कायद्यातून आकडीची अट 1999 साली काढून टाकली, आपल्या घरांतून कधी निघणार? काही घराण्यांत जनुकातच असा बदल असतो की तापाच्या आकड्या सहा वर्षांनंतरही येत राहतात. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 1997 मध्ये हे मांडलं. यातल्या काही मुलांना आकडीची काही नेहमीची औषधं उलट बाधतात. म्हणूनच घरातली माहिती लागते. ईईजी, एमआरआय होतंच, पण आत्या, मामा, आजोबा यांच्याबद्दल आधी घरी खोदून विचारा.

आता आमच्याकडे नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे असतो. डोस वजनावर ठरतो, म्हणून डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. मूल वाढलं की बदलून घ्या, एक्स्पायरी बघा. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण आकडी टळेलच असं नाही, त्यामुळे दर तासाला पाजत बसू नका. अ‍ॅस्पिरिन नको. जेवण, झोप वेळेवर. या वयाची मुलं बाथरूमला आतून कडी लावतात. ताप असेल तेव्हा लावू देऊ नका, कितीही चिडला तरी.

शाळेत स्प्रे द्यायला गेले तर ‘जबाबदारी कोण घेणार?’ म्हणून बाईंनी हात वर केले. मग डॉक्टरांच्या लेटरहेडवर डोस, कधी द्यायचा, कुणाला फोन करायचा, सगळं लिहून घेतलं आणि कार्यालयात दिलं. तुम्ही दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासकट.